लाल पट्टी

मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास आला की चाकणच्या कारखान्यातली ती सकाळ आठवते. मशीनजवळचा कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ घ्यायचा, तोवर लाइन थांबायची. उशीर नेमका कशाने होतो ते दाखवणारं एक टूल मी त्यात टाकत होतो, तेवढ्यात सुपरवायझर आला. ‘मुद्दाम रखडवतोस काय रे?’ म्हणत त्याने मशीनवरच्या ऑपरेटरची कॉलर धरली आणि त्याचं डोकं पॅनेलच्या कोपऱ्यावर आपटलं. भुवई फाटली, रक्त कीबोर्डवर ठिबकलं. ‘म्या काय बी केलं न्हाई, साहेब,’ तो म्हणत होता, तरी ठोसा बसलाच. तेवढ्यात स्क्रीनवर आलेख उमटला. सगळ्यात जास्त उशीर दाखवणारी लांब लाल पट्टी कामगारांवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची होती, आणि ते सुपरवायझरनेच बसवून घेतलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं. ऑपरेटरने सुपरवायझरवर पाना उचलला. मी मध्ये पडलो आणि घाव माझ्या खांद्यावर बसला. ‘भाऊ, तुमाला न्हाई मारायचं हुतं,’ म्हणत तो खाली बसून रडायला लागला. त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. सॉफ्टवेअरही काढलं, आणि कॉम्प्युटर झटकन सुरू होऊ लागला. सुपरवायझरने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. त्या टाळ्या मला आजही खांद्यापेक्षा जास्त दुखतात.