बिनकामाचं चालणं

नागभीडची गुणाबाई बारा वर्षं मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसली. नवरा गेलेला, लेकरू झालंच नाही. उरले होते दोन गुडघे, तेही आता दगा द्यायला लागले. शेजारची रुखमाबाई तर बिड्या वळता वळता अशी आखडली, की बुडावर सरकत विहिरीपर्यंत जायची. गुणाबाईला मरणाचं भय नव्हतं, त्या सरकण्याचं होतं.

सत्तावन्न साली विकास योजनेच्या इंदुताई गावात आल्या. देवळात बायका जमवून म्हणाल्या, "बसून बसून सांधे आखडतात. रोज सकाळी मैलभर चाला." बायका फिदीफिदी हसल्या. बिनकामाचं चालायचं? अन् तेही विधवेनं? गावाला महिनाभर चघळायला झालं असतं!

गुणाबाईनं युक्ती काढली. कमरेवर घागर असली की बाईला कोणी कुठी चालली म्हणून विचारत नाही. ओझं नको म्हणून घागर रिकामीच. स्टेशनापर्यंत जायची, परत यायची. महिन्याभरात भिंत न धरता उठायला लागली. काय हरखली होती!

अन् एका सकाळी समोरून देवाजीची बंडी आली. बंडीत त्याची सून, दोन दिवसांची अडलेली. दवाखान्यात नेत होते. समोर विधवा, कमरेवर रिकामी घागर! देवाजीनं कपाळावर हात मारला. सून वाटेतच गेली.

"पाण्याले नोती जात, तं घागर कायले घेतली व?" देवाजी तिच्या अंगणात येऊन ओरडला. अरे, दोन दिवस बंडी काऊन नाई जुंपली, हे त्या मेल्याला कोणी विचारलं नाही! गुणाबाईनंही नाही. आपल्याच अपशकुनानं पोर गेली, हे तिला स्वतःलाच पटलं होतं.

दीड वर्षानं इंदुताई परत आल्या, तेव्हा त्या दिवसापासून चालणं सोडलेली गुणाबाई बुडावर सरकत दाराकडं आली. ताईंचे डोळे भरून आले. "अजून उशीर नाही झाला. धरा माझा हात."

कण्हत, रडत गुणाबाई उभी राहिली. चार पावलं टाकली. उंबरठ्यावर पाय ठेवणार, तोच गल्लीतून देवाजी येताना दिसला. मागून त्याची दुसरी सून, पोटुशी.

गुणाबाई हात सोडून दाराआड बसली. "त्यांले पयले जाऊ द्या, बाई."

"गेले ते. उठा आता."

"पोरीचे दिवस भरू द्या. तोवर मी नाई निंघत."

गल्लीत कोणाचे ना कोणाचे दिवस चालूच असतात. गुणाबाई पुढं अकरा वर्षं जगली. उंबरठ्याबाहेर तिला खांदेकऱ्यांनीच काढलं.