दोन शब्दांचं कन्नड

यशोवर्धनसरांना कन्नडमधले दोन शब्द येत होते. हालु म्हणजे दूध आणि बेडा म्हणजे नको. बेंगळुरूत नऊ वर्षं काढलेल्या माणसाला एवढं पुष्कळ झालं, असं त्यांचं मत होतं, आणि सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत ते सगळ्यांनाच पटलेलं होतं.

शालनचं तसं नव्हतं. निपाणीजवळच्या खेड्यात घरी मराठी, शाळेत कन्नड. लग्न होऊन बेंगळुरूजवळच्या होसकोट्याला आली ती गोठ्यातच रमली. किती वासरं तिच्या हाताखाली मोठी झाली याची तिनं कधी नोंद ठेवली नाही, त्यामुळे सरांच्या भाषेत सांगायचं तर तिच्याकडे ‘डेटा’ नव्हता.

डेटा सरांकडे होता. आयटीतली नोकरी सांभाळून त्यांनी होसकोट्याबाहेर गोठा काढला होता आणि शालनला तिथे कामावर ठेवलं होतं. तिथे गायींना पंखे होते, वासरांच्या गळ्यात पावलं मोजणारे पट्टे होते आणि कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. वासरांची नावं कॉफीवरून ठेवलेली. आठ दिवसांच्या तांबूस कालवडीचं नाव लाटे. शालन तिला लाटी म्हणायची आणि ती त्यालाच कान टवकारायची.

शनिवारी सोसायटीतली मंडळी मुलाबाळांसह ‘गावाचा अनुभव’ घ्यायला आली. प्रत्येक लेकराला लाटीला बाटली पाजायची होती आणि नको म्हणायला सरांची जीभ रेटेना. माया उतू गेली, त्याबरोबर लाटीच्या पोटात दूधही. सोमवारी सकाळी लाटीला हगवण लागली. पिवळी, पाण्यासारखी. वासराची पावलं कमी पडत असल्याचं सरांच्या ॲपनं तासाभरानं कळवलं. शालनला ते शेपटीखाली बघताक्षणीच कळलं होतं.

सरांनी गोठ्यावर येऊन शालनसमोरच डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावला. सुरुवात ऐटीत ‘नमस्कारा’ म्हणून केल्यामुळे डॉक्टरांना वाटलं, माणूस इथलाच. ते गाडी चालवता चालवता भराभरा कन्नडमध्ये सांगत गेले आणि सर कुठूनसं ऐकलेलं ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणत मान डोलवत राहिले. क्षार-साखरेची पुडी कोमट पाण्यात कालवून पाजा, ऊब द्या, वगैरे. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘हालु निल्लिसबेडी.’

सरांनी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘दूध बंद. फक्त पुडीचं पाणी.’

बेडी म्हणजे बेडाच, आदरानं म्हटलेलं; पण निल्लिसबेडी म्हणजे थांबवू नका. हालु आणि बेडी यांच्या मधे बसलेला शब्द सरांच्या कन्नडमध्ये अजून यायचा होता.

“सर, डाक्टर म्हनाले की दूध...” शालननं तोंड उघडलं.

“अक्का, प्लीज. मी बोललोय ना त्यांच्याशी? ट्रीटमेंटमध्ये जुगाड नको.”

झालं. मालक बोलला की विषय मिटला.

दुपारपर्यंत लाटीचे डोळे खोल गेले. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. तोंडात बोट घातलं तर आत गार लागलं, आणि चोखणं अगदीच मंद. पुडीच्या पाण्यानं अंगातलं पाणी भरून निघतं, भूक भागत नाही, आणि आठ दिवसांच्या जिवाकडे साठवण अशी कितीशी असणार? शालन घाबरली. मागे एका मालकाचं ऐकून तिनं असंच एका वासराचं दूध तोडलं होतं. तिसऱ्या दिवशी ते तिच्या मांडीवर गेलं. मालक विसरला असेल, ती विसरली नव्हती.

तिनं कॅमेऱ्याकडे पाठ केली, बाटलीवर पदर घेतला आणि लाटीला दूध पाजलं. थोडं थोडं, दिवसातून तीनदा. मधे दोन तास जाऊ देऊन पुडीचं पाणी. खाली कोरडं गवत, अंगावर पोतं. सर्जापूर रोडवर बसून सरांनी हे सगळं मोबाइलवर पाहिलं आणि ‘अक्का किती प्रेमानं पाणी पाजतायत’ म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर बदाम टाकला.

गुरुवारी लाटी उठली. शेण घट्ट झालं होतं आणि ती शालनच्या गुडघ्याला ढुशा देत होती. सर धावत आले, व्हिडिओ काढला आणि गोठेवाल्यांच्या मोठ्या ग्रुपसाठी मजकूर लिहून मोठ्यानं वाचून दाखवला: ‘दूध पूर्ण बंद केल्यानं वासरू तीन दिवसांत बरं. सर्वांनी करून पाहावं.’

गप्प बसलं तर काम टिकत होतं. सरांचा अंगठा मोबाइलवर टेकणार, इतक्यात ती म्हणाली, “सर, पाठवू नका.”

“का? काय झालं?”

“म्या दूध पाजलंय तिला. रोज. डाक्टर थांबवू नका म्हनाले हुते. मला कामावरनं काढायचं तर काढा, पर त्ये पाठवू नका. लोकांची वासरं मरतील.”

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, या वेळी निमूट हिंदीत. दोन वाक्यांतच डॉक्टरांनी वासराला सांभाळणाऱ्या बाईंकडे फोन द्यायला सांगितलं. शालन पाच मिनिटं कन्नडमध्ये बोलत होती. सरांना त्यातलं चार वेळा ‘हालु’ तेवढं समजलं. त्यांनी लिहिलेलं सगळं खोडून टाकलं.

“काय म्हणाले?” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

“लाटी वाचली म्हनाले. आनि सोमवारी फोनवर कोन हुतं म्हून इचारत हुते. एवढं सांगूनबी समजलं कसं न्हाई म्हनाले.”

“मग? तुम्ही काय सांगितलंत?”

“रेंज नव्हती म्हून सांगितलं,” शालन म्हणाली आणि लाटीची बाटली भरायला गेली.