तसंच दुसरं काही

"तिला इचारू नको, ती बोलत न्हाई. चिठ्ठी देती."

"मुकी हाय का?"

"न्हाई रं. इंग्लिश मीडियमची हाय."

काउंटरच्या पलीकडे दोघं उभे होते, रांजणगावच्या कुठल्यातरी कंपनीतले ट्रेनी, गळ्यात ओळखपत्र, अंगावर आकाशी शर्ट. समोर माझा चेहरा नसून जाड काच आहे, अशा आवाजात ते बोलत होते. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मला त्याचं काही वाटलंही नाही. त्या वर्षी मला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं.

शिरूरच्या एसटी स्टँडजवळचं ते दुकान होतं. पुढे प्लायवुडच्या खोप्यांत इंटरनेटचे संगणक आणि मागे भिंतभर सीड्या. हिंदी-इंग्रजी पिक्चर वरच्या फळ्यांवर असत. खालच्या तीन फळ्या जपानी कार्टूनांच्या. शाळेत असताना केबलवर हिंदीत बघितलेली ही कार्टूनं पोरं आता नोकरीला लागल्यावर पुन्हा मागायला येत. दुकानाचे मालक, ज्यांना मी काका म्हणायचे, पुण्याहून दर पंधरवड्याला गठ्ठा आणत, पण त्यांतलं एकही त्यांनी बघितलेलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, ते केसं उभी असल्यालं द्या." काका म्हणायचे, "सगळ्यांचीच उभी असत्यात." मग गिऱ्हाईक म्हणायचं, "डोळं मोठं असल्यालं," आणि काका कपाळाला हात लावून माझ्याकडे बघायचे.

मला त्यांनी टायपिंगसाठी ठेवलं होतं. पण मी ती कार्टूनं बघितलेली आहेत हे कळल्यावर खालच्या तीन फळ्या माझ्याकडे आल्या.

लोक येऊन एकच वाक्य बोलायचे: हे संपलं, तसंच दुसरं काही आहे का? सुरुवातीला मी मारामारीवाल्याला मारामारीचं आणि खेळवाल्याला खेळाचं देत असे. ते परत आणून आपटायचे. एकाला बॉक्सिंगचं आवडलं म्हणून फुटबॉलचं दिलं, तर तो म्हणाला, "मला खेळाशी काय करायचंय? त्यातला त्यो म्हातारा कोच कसा शिव्या घालतो, तसला म्हातारा पायजे." तेव्हापासून मी चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून पुढे सरकवू लागले: कुठल्या ठिकाणी थांबवून परत बघितलं? सगळे आधी लाजायचे. मग सांगायचे. एका दांडगट फिटरनं सांगितलं होतं की त्यातली आई डबा भरते तेवढंच त्यानं तीन वेळा बघितलं. त्याला मी स्वयंपाकाचं एक दिलं. रोबोटचं मागायला आला होता तो. नंतर दर आठवड्याला यायचा आणि दोस्तांना बाहेर थांबवायचा.

त्या दोघा ट्रेनींनाही मी चिठ्ठी सरकवली. त्यांनी ती वाचली, एकमेकांकडे बघितलं, आणि मुकी म्हणणारा हळूच म्हणाला, "ते... त्यो कुत्रा मरतो ना, तिथं." मी त्यांना दुसरी फळी दाखवली.

हे सगळं मला कुठून येत होतं ते सांगायचं तर दौंडला जावं लागेल.

पप्पा मालगाडीचे गार्ड होते. ड्यूटी कधी सोलापूरकडे, कधी मनमाडकडे. येण्याजाण्याला वेळ नव्हती. आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो आणि संध्याकाळी केबलवर हिंदीतून जपानी कार्टूनं लागायची. पप्पा घरी असले की माझ्याबरोबर बसून बघायचे. नसले की मी बघायची आणि ते आल्यावर त्यांना सांगायची. हा आमच्या घरचा नियम कोणी केला नव्हता, तसा पडला होता. पायरीवर बसून बूट काढता काढता ते विचारायचे, "काय झालं?"

शाळेत नाव पुकारलं तरी माझा घसा बंद व्हायचा. पण पायरीवर मी सगळ्यांचे आवाज काढून सांगायची, घोड्यांचेसुद्धा. आतून आई ओरडायची, "बापाला आधी जेवू तरी दे! जपान कुठं पळून चाललंय का?"

त्यांतलं शेवटचं, पप्पांचं सगळ्यांत लाडकं, एका मुलीचं होतं. समुद्रकाठची मुलगी, पाठीवर मिठाचं पोतं, बरोबर एक म्हातारी कोल्हीण. खूप वर डोंगरात एक गाव असतं आणि तिथलं मीठ संपलेलं असतं. ती चालत निघते. वाटेत रोज एक गाव लागतं, आणि प्रत्येक गावात कोणी ना कोणी मूठभर मीठ मागतं. ती देते. पोतं हलकं होत जातं. पप्पांना ते आवडायचं कारण, ते म्हणायचे, हिचीपण माझ्यासारखीच लाइन आहे, रोज नवं स्टेशन. त्या मालिकेपुरता त्यांचा प्रश्न वेगळा असायचा. बूट काढताना विचारायचे, "मीठ किती राहिलं?"

मी हातानं दाखवायची. इतकं. मग इतकं.

पप्पा गेले ते दवाखान्यात, सकाळच्या चहाच्या वेळेला. छातीत दुखतंय म्हणून आदल्या दिवशी नेलं होतं. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही, कारण त्याहून जास्त काही घडलं नाही.

आमच्यात सुतक पाळत नाहीत. पप्पा स्वतः लोकांना सांगायचे की बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढलंय, परत आत जाऊ नका. पण शिरूरहून आत्या आली आणि तिनं पहिल्याच दिवशी टीव्हीवर चादर टाकली. "लोकं येत्यात-जात्यात. बरं दिसत न्हाई." कोणी काही म्हटलं नाही. भंतेजी आले, वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे गेले. चादर तशीच राहिली. सुतकाची असती तर तिला मुदत असती, अमुक दिवशी काढा म्हणून कोणीतरी सांगितलं असतं. आमच्याकडे तसं सांगणारं कोणी नव्हतं. जो हात लावेल त्याचं दुःख संपलं असं झालं असतं, म्हणून मीही लावला नाही आणि आईनंही नाही.

त्या चादरीखाली ती मालिका संपली. शेवटचे भाग त्याच दिवसांत लागून गेले. पुढं मी शेजारी गेले तेव्हा त्या वेळेला दुसरंच काहीतरी लागलं होतं.

क्वार्टर सोडावं लागलं. सामान टेम्पोत भरून आम्ही चौफुल्यावरून, न्हावऱ्यावरून शिरूरला आत्याकडे आलो. टीव्ही चादरीसकट दोरीनं बांधून आला आणि आतल्या खोलीत, जिथं मी आणि आई झोपायचो, कोपऱ्यात बसला. त्यावर आत्यानं पाण्याचा तांब्या ठेवायला सुरुवात केली. आई दिवसभर भिंतीला टेकून काहीतरी निवडत बसायची. तांदूळ नसले तर निवडलेलेच पुन्हा. अर्धी भाकरी खायची. हे पाहिजे, ते आण, असं काही म्हणायची नाही. आत्या मला बाजूला घेऊन म्हणायची, "तिला काय तरी मागू दे गं. माणूस मागत असलं की जित्तं वाटतं."

दुकानात लागल्यावर काही महिन्यांनी काकांच्या गठ्ठ्यात ती मीठवाली आली. जपानी बोलणं, खाली इंग्रजी अक्षरं, सगळे भाग. मी ती तिच्या फळीवर लावली. कोणी मागितली तर दिली, स्वतःहून कोणाला सुचवली नाही, आणि बघितली नाही. बघितली असती तर सांगायला कोणी नव्हतं.

मग एक दिवस आत्याच्याच गल्लीतली एक वहिनी ती परत करायला आली. कंपनीत पॅकिंगला होती.

"ताई, अशीच दुसरी काय हाय का? लय रडले मी. खालचं वाचायच्या आत जातंय, पर चित्रावरनं कळतंय की. शेवटाला ती वर पोचती ना, तवा..."

मी खुर्ची सरकवून उठले आणि मागच्या फळीकडे गेले. तिथं मला काही घ्यायचं नव्हतं.

"आगं बया," ती काकांना म्हणाली, "हिनं बघितलीच न्हाई व्हय? हलवायाच्या दुकानात बसून उपाशी!"

मी तिला एका दिवाबत्तीवाल्याची मालिका दिली. गावोगाव फिरून दिवे लावत जाणारा. ती खूश होऊन गेली. निवड बरोबर निघाली की मला थोडं बरं वाटत असे. त्या दिवशी तेही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले तर आई नेहमीच्या जागेवर होती, पण मान वर करून दाराकडे बघत होती.

"नळावर ती पॅकिंगवाली भेटली हुती. तुझ्या दुकानात ती मीठवाली हाय म्हणं."

मी मान हलवली.

"पुरलं का गं मीठ?"

दौंड सोडल्यापासून आईनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता, जेवलीस का सोडून. आत्या चुलीपुढे थांबली. माझ्याकडे तिनं असं बघितलं की जणू मी काहीतरी हातात घेऊन उभी आहे आणि ते पडू द्यायचं नाही.

"आणते," मी म्हटलं.

आणि मी दुसरीच सीडी आणली. आजही मला त्याचं नवल वाटतं. माझ्या हातून एवढी गिऱ्हाइकं खूश होऊन गेली होती, आईला काय लागेल ते मला नेमकं माहीत आहे असं मी धरून चालले होते. तसंच एक होतं, हिंदीत डब झालेलं: एक मुलगी, पाठीवर बियाणं, बरोबर म्हातारा बोका, वाटेत गावं. पंधरा जणांना विचारलं असतं तर चौदांनी तेच मागितलं असतं. दुपारी पुढच्या खोलीत आत्याच्या टीव्हीवर लावून दिलं. आई हातातलं तांदळाचं ताट खाली ठेवून बघायला बसली. तिनं ताट खाली ठेवलेलं मी कितीतरी दिवसांनी बघत होते. दोन भाग बघितले. मग ताट परत मांडीवर घेतलं.

"हे ते न्हवं."

"तसलंच तर हाय की," आत्या म्हणाली. "ह्यातबी पोरगीच चालती. मांजराच्या जागी काय हुतं त्यात, कोल्हं?"

"तसलं हाय," आई म्हणाली. "ते न्हवं."

आत्या बाहेर गेली. आई तांदूळ पुढे-मागे करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बघितलीच न्हाईस न्हवं?"

मी वाकून खाली सांडलेले तांदूळ वेचायला लागले.

"त्यांना सांगायचीस. पायरीवर. मीबी आतनं ऐकत हुते की. भाकरी करपायची माझी." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "आता मला सांग. न्हाई सांगायचं तर तसं म्हण, मी न्हाई इचारायची परत."

ती खरंच परत विचारणार नाही, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. आणि मीठ सोडून दुसरंही काही विचारणार नाही.

दुसऱ्या दिवशी काका जेवायला गेल्यावर मी शेवटची सीडी कोपऱ्यातल्या संगणकात घातली. कानाला हेडफोन लावला. लाइट जायला अर्धा तास होता. मधले भाग सोडले. थेट शेवटचा लावला.

मुलगी डोंगर चढून वर पोचते. गाव तिच्या वाटेवर उभं असतं, हातात भांडी घेऊन. ती पोतं खाली ठेवते, तोंड सोडते, आत बघते. काही नसतं. ती पोतं उलटं करून झटकते. काही पडत नाही. कोल्हीण दुसरीकडे तोंड फिरवून बसते. कोणी तिला रागावत नाही, कोणी काही म्हणतही नाही. मग एक म्हातारी पुढे येते आणि पोतं हातात घेते. कापड हाताला कडक लागतं तिला, इतका प्रवास करून मिठानं ताठ झालेलं. ती ते नुसतं बघते, घडी घालते, आणि चुलीवरच्या मोठ्या भांड्यात, उकळत्या पाण्यात सोडते. मग सगळे वाट्या घेऊन बसतात.

त्या सगळ्या वेळात पडद्यावर खाली एकही अक्षर आलं नाही. वाचून दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मला रडू आलं नाही. येईल म्हणून मी थोडा वेळ थांबले होते. एक गिऱ्हाईक आलं, त्याला चिठ्ठी दिली, त्यानं थांबवून परत बघितलेली जागा सांगितली, मी त्याला सीडी दिली. मग लाइट गेली आणि सगळे पडदे काळे झाले. काका आल्यावर मी लवकर निघते अशी खूण केली.

आत्याच्या दाराला एकच पायरी आहे. मी तिथं बसले आणि चपलांचे पट्टे सोडायला लागले. पट्टे नव्हते सोडण्यासारखे, साध्याच चपला होत्या, तरी मी वाकून बसले. आतून निवडण्याचा आवाज येत होता. मग तो बंद झाला. आई दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली. पण तिनं विचारलं नाही. ती विचारणार नव्हती, तसं म्हणाली होती.

घसा नेहमीसारखा बंद झाला. मी वाट बघितली.

"पुरलं, आई," मी म्हणाले. "पोतं उकळलं त्यांनी."