तवा सोडून सगळं

मामा हॉटेलात शिरले की आधी समोरचं टेबल गाठायचे आणि बोट मुडपून त्यावर दोनदा टकटक करायचे. मग वाकून टेबलाखाली बघायचे, उठून गुडघे झटकायचे आणि म्हणायचे, "जीव हाय की अजून." हे टेबलाविषयी असायचं. हॉटेलात जीव राहिलेला नसायचा, म्हणून तर मामांना बोलावलेलं असायचं.

बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान घ्यायचं आणि नव्या हॉटेलांना द्यायचं, हा त्यांचा धंदा. मार्केट यार्डामागे पत्र्याचं गोडाऊन होतं. सोलापुरात हॉटेलं कशी उघडतात आणि कशी मिटतात, हे तुम्हीही बघताच. दसऱ्याला कमान, फुगे, मालकाच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स. पाडव्याला जावं तर शटरला कुलूप आणि तिथे मोबाइलचं दुकान. महामार्ग गावाबाहेर सरकला तसे ढाबे त्याच्या मागे गेले, जुळे सोलापूर वाढलं तशी फॅमिली रेस्टॉरंटं तिकडे पळाली. सामान मात्र तेच फिरत राहिलं. आपण मोठ्या हौसेने नव्या हॉटेलात शेंगाभाजी खायला जातो आणि कोपर टेकतो ते टेबल तीन मालक बघून आलेलं असतं.

माझी आणि मामांची ओळख अशाच एका मिटण्याच्या दिवशी झाली. स्टेशनच्या रस्त्याला आमची खानावळ होती. ह्यांनी गल्ल्यावर बसायचं आणि मी आत भाकरी थापायच्या, अशी चौदा वर्षं गेली. मग जागामालकाला जागा हवी झाली. बाजूला मिळेल त्या जागेचं भाडं परवडेना. शेवटी मामांना निरोप धाडला.

त्या दिवशी मी भयंकर चिडलेली होते. कोणावर, ते मलाही सांगता आलं नसतं. पातेली, पराती, टेबलं, बाकं सगळं बाहेर काढलं आणि ढिगावर माझा तवा ठेवला. एका वेळी तीन भाकऱ्या बसतील असा जाड लोखंडी तवा होता तो. मामांनी सगळं सामान टेम्पोत चढवलं आणि तवा उचलून भिंतीला टेकवून ठेवला.

"तवा मी घेत न्हाय, ताई. घरी न्या."

मी म्हटलं, मला नको आहे, मी भरून पावले, आता उभ्या जन्मात मला भाकरी थापायची नाही. ते शांतपणे म्हणाले, "मग पापड भाजा. पर एक भांडं घरी ठेवायचं. परत उघडायचं असतंय."

मी त्यांचं ऐकते कशाला? त्यांची पाठ वळल्यावर ह्यांच्याकरवी तवा टेम्पोत घुसडला. संध्याकाळी मामा स्कूटरवरून घरी आले. पायाशी पोत्यात गुंडाळलेला तवा. तो दाराशी ठेवला, चहा प्यायला, पावसापाण्याचं बोलले आणि गेले. तव्याचं नावही काढलं नाही.

पुढे कळलं की मामा असं सगळ्यांशीच करतात. इडलीवाल्याला त्याचं इडलीपात्र घरी न्यायला लावलं. चायनीजची गाडी मोडून गावी निघालेल्या नेपाळी जोडप्याला स्टेशनवर गाठून कढई परत दिली, आणि ती दोघं कढई मांडीवर घेऊन गाडीत बसली. मला वाटायचं, हा धंद्याचा कावा आहे. पुन्हा उघडलं की माणूस सामान घ्यायला मामांकडेच येणार. मी तसं तोंडावर बोललेही. मामा हसले. "व्हय की. धंदाच हाय."

विकलेल्या टेबलांची ते लेकींसारखी खबर ठेवायचे. एकदा आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही एका नव्या एसी हॉटेलात गेलो. टाय लावलेला वेटर पाणी ओतत होता आणि बघते तर मामा शेजारच्या टेबलाखाली वाकलेले. वर आले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे तुमचंच हाय, ताई. चांगल्या घरी पडलंय." त्या टेबलावर आता पांढरं कापड होतं. मी कापडाखाली हात घालून कड चाचपली आणि जेवण काही मला धड गेलं नाही.

तवा घरी भिंतीला टेकून होता. आधी खरंच पापड भाजले. मग शेजारणीकडे पाहुणे आले म्हणून वीस भाकऱ्या करून दिल्या. मग दोन डबे, मग बारा. दोन वर्षांनी आम्ही जुळे सोलापुरात छोटी जागा घेतली. मामांनी सहा टेबलं आणली, त्यांतली दोन आमची जुनी. ती कुठून सोडवून आणली, ते सांगितलं नाही. टकटक केली, खाली वाकून बघितलं. "जीव हाय की."

टेबलाखाली काय बघता, असं मी एकदा विचारलं होतं. "खिळे," म्हणाले.

गेल्या थंडीत मामा गेले. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने गोडाऊन रिकामं करून टाकलं. मी गेले तेव्हा शटर ओढलेलं होतं आणि बाहेर पायमोडकी खुर्ची तेवढी पडली होती.

महिन्याभराने, अकराच्या सुमाराला, एक म्हाताऱ्या बाई रिक्षातून एकट्याच खानावळीत आल्या. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. मामांचं नाव सांगून म्हणाल्या, मी त्यांची मंडळी. पाणी प्यायल्या आणि विचारलं, "लोकांकडनं आयकलं. त्यांनी परत आणून दिलेला तवा ह्योच का?"

मग बसून सांगितलं. मोडनिंबला रस्त्यावर दोघांचं हॉटेल होतं. चालेना. मामी बहिणीच्या बाळंतपणाला नातेपुत्याला गेल्या होत्या, तेव्हा मामांनी रागाच्या भरात एका सकाळी सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. मामींनी माहेरून आणलेला भाकरीचा तवासुद्धा. त्या परतल्या तर चार भिंती उरलेल्या.

"टेबलाखाली बघायचे न्हवं? उघडताना परतेक टेबलाला मी खालून हळदीचं बोट लावलं हुतं. ते हुडकायचे. हळद काय तीस वर्सं टिकती व्हय? पर बघायचे."

मी विचारलं, तव्याचं तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत?

"एक शबूद न्हाय. ना तवा, ना भाकरी. तितनं पुढं मी चपातीच केली. त्यांनी लई वाट बघितली, मी भांडंन म्हणून." त्या तव्याकडे बघत होत्या. "भांडायला पायजे हुतं, बाई. भांडले असते तर मिटलं असतं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मामी मात्र उठल्या, हात धुतले, परातीतलं पीठ पुढे ओढलं. पहिली भाकरी थापताना कडेला चिरली. दुसरी गोल आली. तिसरी तव्यावर टाकून त्यांनी पाण्याचा हात फिरवला तेव्हा पहिली टम्म फुगत होती. मी बाजूला झाले.

बाराची गिऱ्हाइकं आली. मामी थांबल्या नाहीत. मी वाढत होते, त्या थापत होत्या. दारापाशी रोज बसणाऱ्या बँकेतल्या साहेबांनी घास मोडला, पुन्हा भाकरीकडे बघितलं आणि विचारलं, "वहिनी, नवीन बाई ठेवल्या का?"

मी तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला.

"न्हाय बाबा. जुनीच हाय मी."