त्रेचाळीस ठिपके

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण काल दुपारी मी पुन्हा मोजले — आणि आकडा तोच आला.

आकड्यांच्या बाबतीत मी काटेकोर आहे. सोसायटीच्या टाकीतल्या पाण्याची पातळीसुद्धा वहीत लिहून ठेवतो. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझा आणि माझी पीएचडीची विद्यार्थिनी कविता हिचा एक शोधनिबंध छापून आला होता — भाईंदरजवळच्या मुर्धा गावातल्या जुन्या मिठागराच्या चिखलापासून बनवलेल्या, पाण्यातलं शिसं शोषणाऱ्या भुकटीवर. पुढे तो मागे घ्यावा लागला. छायाचित्रं विश्वासार्ह नाहीत, एवढंच कारण छापलं गेलं.

खरंच आहे ते. पण कोणामुळे?

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आमच्याकडे नव्हता. दुसऱ्या संस्थेत तासभर मिळायचा. नमुने तीन होते. दोन झाले आणि तास संपला. पुढची वेळ दोन महिन्यांनी. मी — थांबलो नाही. पहिल्याच नमुन्याचं चित्र उलटं फिरवलं, जरा उजळ केलं आणि खाली लिहिलं, नमुना तीन. त्यात त्रेचाळीस कण होते. चित्र फिरवलं तरी ते त्रेचाळीसच राहणार, हे मला कळत नव्हतं का?

एका वाचकाने ते ओळखलं. नियतकालिकाने मूळ फायली मागितल्या. कविताचा फोन आला. "सर, तिसरा नमुना आपण यंत्रात ठेवलाच नव्हता ना?"

"ठेवला होता. तुला आठवत नाहीये. फायली तूच सांभाळत होतीस."

 ती म्हणाली, "असेल सर. माझंच चुकलं असेल."

विद्यार्थिनीकडून फायलींची अदलाबदल झाली, असं मी उत्तरात लिहिलं. तिने खाली सही केली, आणि महिन्याभरात पीएचडी सोडली. आता भाईंदर पूर्वेला नववी-दहावीचे क्लास घेते. सरांनी सांभाळून घेतलं, असं लोकांना सांगते.

त्यानंतर आमच्या हॉलच्या छतावर ओल उमटली. काळे ठिपके. मोजले — त्रेचाळीस. प्लंबर शिडीवरून उतरत म्हणाला, "अंकल, इधर ऊपर पाइप हैच नहीं." मी छताला नवा रंग लावून घेतला. ठिपके परत आले — तेवढेच, पण उलटे फिरलेले.

गेल्या महिन्यात कविता पेढे घेऊन आली. क्लासची सगळी मुलं पास झाली म्हणून. ती बरोबर त्या ठिपक्यांखाली बसली. बोलता बोलता वर पाहिलं, आणि मान हळूहळू एका बाजूला कलती केली. आणखी कलती केली. हातातला चहा तसाच.

"सर, हे मी कुठेतरी पाहिलंय."

मी काय म्हणालो असेन?

"ओल आहे गं. सगळ्यांच्याच घरी असते."

तिने मान सरळ केली. "हो सर. माझंच काहीतरी."

तिसरा नमुना आम्ही यंत्रात ठेवलाच नव्हता. तिला बरोबर आठवत होतं.