दिवल्याची नवाई

पासष्ट साली मी लेफ्टनंट होते. पंजाबात, मिलिटरी हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात नर्स. तापीकाठच्या गुजराची पोर मी, अंड्याचा वाससुद्धा सोसत नसे. मेसमध्ये भांडून कढई वेगळी करून घेतलेली. कूक ओरडायचा, "साहिबा की घास तैयार है!" सगळे हसायचे, पण माझी कढई कधी कुणी बाटवली नाही.

सप्टेंबरात शिपाई दिवल्या पावरा दाखल झाला. तोरणमाळचा, वय बावीस. मांडीत तोफगोळ्याचा स्प्लिंटर, रक्त फार गेलेलं. आपल्याकडचा, म्हणून त्याच्याशी अहिराणी बोलायची मी. सहाला ड्रेसिंग, आठला राउंड, बाराला जेवण. डाळ-रोटी खायचा, भाजी तशीच परत.

"का रे?"

"बाई, गावमा नवाई व्हयनी नई. मी कसं खाऊ?"

त्यांच्यात नवं धान्य, नवी भाजी आधी देवाला. कोंबडं कापून करायची ती पूजा म्हणजे नवाई. तोवर तोंडाला लावायचं नाही. मला ठाऊक होतं हो सगळं!

राउंडला आमचे सर्जन मेजर साहेब म्हणाले, "सिस्टर, ही मस्ट ईट. दॅट्स ॲन ऑर्डर."

"येस सर."

माझ्या कढईसाठी भांडणारी मी, त्याच्यासाठी एक शब्द काढला नाही. दूध, जुनं कडधान्य मागता आलं असतं. दुधीची वाटी घेऊन गेले आणि म्हटलं, "तुन्हा भाऊनं पत्र उनं. नवाई व्हई गई तुमनी."

"कोंबडं कोणी कापं?"

"तुन्हा बापनी."

हसला. वाटी पुसून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला गेला. जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. भाजीचा संबंध नाही, असं मेजर साहेबांनी सांगितलं. ते खरंच होतं.

डिसेंबरात रजेवर आले, तोरणमाळ चढले. त्याच्या बापानं माझ्यासाठी नव्या मडक्यात भगर शिजवली. म्हणाला, "तुम्ही गुजर ना, बाई? आज कोंबडं नई."

मी जेवत होते. तो सांगू लागला, "त्यानी रजा व्हती. तो येवावर नवाई करूत, म्हनं. तार उनी तोवर घरमा कोणी नवं खादं नई." मग विचारलं, "तठे त्यानी खादं का?"

"नई, बाबा."

"मन्हा पोऱ्या शे तो," म्हातारा म्हणाला. ऊर भरून आला त्याचा.

दिवल्याचे बाबा गेले, म्हणून आता लिहिते. शिपाई दिवल्या पावरा यानं नवाईआधी खाल्लं. माझ्या हातून, माझ्या शब्दावर. मोडलं ते मी. त्यानं काही मोडलं नाही.