कॉलरच्या आतली खूण

डोळे धड मिटत नाहीत आणि धड उघडेही राहत नाहीत. मी पालथी पडलेय, अंगात हिरवा कोट आहे, आणि खालून दुकानातून बाबांच्या इस्त्रीचा आवाज येतोय. पाणी शिंपडलं की चर्र, इस्त्री टेकवली की धप्प. चर्र, धप्प. जानेवारीतली दुपार आहे, उन्हाची पट्टी गादीवरून सरकत माझ्या कोपरापर्यंत आलीय.

"कोट घालून कोण झोपतं गं?" आई मघाशी दारातून म्हणाली.

"मी," म्हटलं.

काढला तर बाबा नेतील, हे तिलाही माहितीये. म्हणून ती दार ओढून गेली.

संध्याकाळी शाळेचं स्नेहसंमेलन आहे आणि निवेदन मी करणार आहे. मी म्हणजे समृद्धी, जी गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा पुढच्या मुलीच्या वेणीमागे लपायची. मग गुरुवारच्या बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग सापडले आणि माझं सगळंच बदललं. बोहारणी भांडी देऊन घरोघरून गोळा करतात ते कपडे तिथे ताडपत्रीवर ओतलेले असतात. कोपरापर्यंत हात घालायचा आणि बोटांनी बघायचं. कुणाच्या तरी मामाचा चौकड्यांचा शर्ट मिळाला, तो मी बेल्ट लावून झग्यासारखा घालते. झाकणात आरसा असलेली पर्स मिळाली. पायघोळ बेलबॉटम मिळाली, तिच्यात मी चालायला लागले की गल्लीतली पोरं गप्प होतात, आणि आता मला ते आवडतं. आणि मागच्या गुरुवारी हा कोट. बाटलीच्या काचेसारखा हिरवा, कॉर्डरॉयचा, रुंद कॉलर, पितळी बटणं. घातला आणि पाठ आपोआप सरळ झाली. निवेदन करायचं तर ह्यातच, हे त्याच क्षणी ठरलं.

आज जेवताना बाबांनी सहज कॉलर उलटून पाहिली. कपडा दिसला की त्यांचा हात जातोच. आणि ते घास चावायचे थांबले.

आत, मानेला टेकतं तिथं, काळी खूण होती. एक उभी रेघ, शेजारी दोन ठिपके.

"ही आपल्या दुकानातली खूण आहे," बाबा म्हणाले. "आबांच्या हातची."

आबा म्हणजे माझे आजोबा. ही लॉन्ड्री त्यांनी काढली. मी सहावीत असताना ते गेले. त्यांच्या काळी प्रत्येक घराची वेगळी खूण असायची, बिब्ब्याच्या रसाने काढलेली, कितीही धुतली तरी न जाणारी, म्हणजे कुणाचा कपडा कुणाकडे जायला नको. आणि आबांचा एक नियम होता. दुसऱ्याचं कापड अंगाला लावूनसुद्धा बघायचं नाही. लॉन्ड्रीवाले लोकांचे कपडे घालून मिरवतात, असं लोक हसत हसत म्हणतातच, त्यांना निमित्त द्यायचं नाही. माझे बाजारातले कपडे बाबांनी वर्षभर कसेबसे चालवून घेतले होते. पण हा आमच्याच गिऱ्हाइकाचा.

"संध्याकाळी हा घालायचा नाही."

"बाबा, मी विकत घेतलाय."

"घेतला असशील. समोर गाव बसणार. त्यात कुणी ओळखला, तर त्याला काय सांगत फिरू? आबांचं नाव आहे या गावात."

मी ताटावरून उठले. पाच वाजता तयार व्हायचंय. तोवर घालायचा की नाही ते मला ठरवायचंय. चर्र. धप्प. उन्हाची पट्टी आता माझ्या मानेवर आहे.

चर्र.

मी जिना उतरतेय. जिना नेहमीपेक्षा लांब आहे आणि पायऱ्या ओल्या आहेत. खाली दुकानात बाबा नाहीत. टेबलाशी आबा उभे आहेत, बंडी आणि धोतर, हातात कोळशाची जुनी इस्त्री. तिच्या भोकांतून आतला लाल निखारा दिसतोय. ते मान वर करत नाहीत.

"काड त्यो," ते म्हणतात.

"आबा, तुम्ही जेवलात का?" माझ्या तोंडून भलतंच निघतं.

"काड म्हंतोय न्हवं. गिऱ्हाइकाचाय."

"मी बाजारातून घेतलाय. पैसे देऊन."

"पैशाचं कोन इचारतंय? खूण कुणाची हाय?"

"तुमची."

"माजी न्हाई. मी काडली, पर माजी न्हाई. ज्येच्या घरची त्येची."

शटर अर्धं खाली ओढलेलं आहे. बाहेर कुणीतरी येऊन थांबतं. मला फक्त दोन पावलं दिसतात, चपला स्वच्छ, पांढऱ्या साडीचा काठ. शटरवर बोटाने टकटक होते, अगदी हळू.

"झाला का हो कोट?"

आवाज इतका नम्र आहे की नाही म्हणता येत नाही. मी बटणाला हात घालते. पितळी बटण गरम लागतं, आणि काजातून सुटतच नाही. दुसरं बघते. तेही नाही.

"आबा, निघत नाहीये."

आबा माझ्याकडे पहिल्यांदा बघतात. मग शटरकडे तोंड करून म्हणतात, "वाईच काम ऱ्हायलंय, बाई."

"थांबते," आवाज म्हणतो.

आबांनी गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलेलं मला माहीत नाही. त्यांनाही ते नवीन असावं, कारण त्यांच्या हातातल्या इस्त्रीतले कोळसे वाजतायत. "चल," ते म्हणतात, आणि आम्ही घाटावर आहोत.

नदीला पाणी आहे पण वाहण्याचा आवाज नाही. दगडांवर कपडे वाळत घातलेत, सदरे, परकर, झबली, सगळ्यांच्या कॉलरी आणि पट्ट्या वर उलटलेल्या. जिकडे बघावं तिकडे काळ्या खुणा. आबा त्यांच्यामधून वाकून चालतायत आणि मी मागे.

"ह्ये वकिलाचं. ह्ये थेटरवाल्याचं. ह्यी फुली दिसती का, ती नर्सबाईची. सोबावानं गरीब हुती, पर साडीला डाग पडला की आवाज सांगलीला ऐकू जायचा."

मला हसू येतं, आणि हसताना कळतं की कोट घट्ट होतोय. खांद्यांत, मग छातीत. मागे पायऱ्यांवर चपला वाजतायत. घाई नाही त्यांना.

"आबा, माझं निवेदन आहे हो संध्याकाळी. पहिल्यांदा."

"त्ये कर की. तुज्या कापडात कर."

"माझ्या कपड्यात मी बोलूच शकत नाही. ह्यात उभी राहिले की बोलता येतं."

"कापड बोलतंय व्हय?"

"नाही. पण ते घातल्यावर मी बोलते."

आबा एका वाळत घातलेल्या शर्टापाशी थांबतात. पिस्ता रंगाचा, नवा कोरा. मी वाकून कॉलर बघते. आत काहीच नाही.

"ह्याला खूण नाही. हा कुणाचा?"

आणि आता आम्ही कुणाच्या तरी लग्नात आहोत. पंगत बसलीय. आबा माझ्या शेजारून गेले आहेत आणि समोर पाटावर बसलेत, तरणे, केस तेल लावून चापून बसवलेले, अंगात तो पिस्ता शर्ट. किती छान दिसतायत. पाठ सरळ आहे, माझ्यासारखी. पहिला घास उचलतात तोच मागून एक हात येतो आणि त्यांची कॉलर उलटतो.

"बघू बघू, कुणाच्या घरचा आज?"

पंगत थांबते. वाढपी भाताचं पातेलं घेऊन तसाच उभा राहतो. हात कॉलर इकडून बघतो, तिकडून बघतो.

"खूण न्हाई की. सोताचा दिसतोय. जेव, जेव."

सगळे हसतात. कुणी वाईट हसत नाही. मग बोलणी परत सुरू होतात, भात पुढे सरकतो. आबांचा घास हातातच आहे. पाठ मात्र सरळ राहिलेली नाही.

घरात कधीतरी अर्धवट ऐकलं होतं, आबांना एका लग्नात कुणी काही बोललं म्हणून. काय बोललं ते कुणी सांगितलं नव्हतं.

"मग तो शर्ट?" मी विचारते.

"बोहारणीला दिला दुसऱ्या दिशी."

"तिनं काय दिलं?"

"चाळण." आबा पाटावरून उठतात, आता परत म्हातारे आहेत. "हाय की अजून. तुजी आई पीठ चाळती तिच्यात."

त्यानंतर त्यांनी बंडी आणि धोतर सोडून काही घातलं नाही. हे ते सांगत नाहीत, पण भिंतीवरच्या फोटोत ते मी रोज बघते.

"झाला का हो कोट?"

आवाज अगदी कानामागे येतो. मी वळते तर मांडव नाही, शाळेचं स्टेज आहे आणि मी पडद्याआड उभी आहे. फटीतून खुर्च्या दिसतायत. खुर्च्यांवर माणसं नाहीत, नुसते कपडे बसलेत, कॉलरी ताठ, बाह्या मांडीवर. सगळे माझ्याकडे तोंड करून. माईकचा कर्र आवाज होतो. आमच्या बाई कुठून तरी म्हणतायत, "समृद्धी, तू चल." मला पाय उचलता येत नाही. कोट आता इतका घट्ट आहे की श्वास वरच्या वर चाललाय. आणि पडद्यातून दोन गार बोटं माझ्या मानेशी येतात आणि कॉलरची कड पकडतात.

गेल्या वर्षीची मी असते तर इथेच रडले असते. पण मी त्या बोटांकडे बघते आणि मला पंगतीतला हात आठवतो, आणि डोकं तापतं.

"थांबा. मीच उलटते," मी म्हणते. "आबा, खूण करा."

"कुणाची?"

"आपली. आपल्या घरची खूण कोणती?"

आबा शेजारीच आहेत, हातातली इस्त्री खाली ठेवतात.

"आपल्याला खूण न्हाई."

"सगळ्या गावाला आहे की. नर्सबाईला फुली आहे, वकिलाला आहे."

"आपल्याला कशाला? आपलं कुठलं त्ये आपल्याला ठावं आसतंय."

"आपल्याला ठाऊक असतं हो. त्या पंगतीला कुठं ठाऊक होतं?"

बोटं कॉलरवर तशीच आहेत. ओढत नाहीत, सोडतही नाहीत. खुर्च्यांवरचे कपडे ऐकतायत. आबा बंडीच्या खिशात हात घालतात आणि एक काळा, चकचकीत बिब्बा काढतात. मग काजात अडकवलेली टाचणी.

"अंगावर आसताना खूण करत न्हाईत, समे. बिब्बा उततो, फोड येत्यात."

"उतू दे."

"लई खाजतंय. दोन दोन दिस."

"आबा, करा ना. बाई थांबल्यात."

कुठल्या बाई, ते मलाही सांगता आलं नसतं. आबा हसतात. मी त्यांना इतक्या जवळून हसताना विसरले होते, वरचा एक दात अर्धा आहे. ते बिब्ब्यात टाचणी टोचतात. माझी वेणी बाजूला करतात. एक टोक मानेवर चरचरतं. मग दुसरं. मग तिसरं, पहिल्या दोन्हींच्या वर, मधोमध. खूण पक्की व्हायला वरून ते बोटाने चुना दाबतात, आणि मला त्यांच्या बोटाची खरखर कळते, साबणाने चिरलेली.

"तीन ठिपके," ते म्हणतात. "चूल हाय म्हन. ह्या घरची."

गार बोटं पुढे येतात. आधी जुनी खूण चाचपतात, रेघ, दोन ठिपके. मग नवी. परत एकदा नवी. मी श्वास धरून उभी आहे. आबाही.

"बरं," आवाज म्हणतो. मग जरा थांबून, "खालचं बटण सैल आहे तेवढं बघा. माझंही सारखं निघायचं."

पडद्यामागे चपला लांब जातात. कोट सैल होतो, आणि मला कळतं की आबांचा हात धरायचा राहूनच गेला. मी वळते.

धप्प.

"समू, उठ. अगं साडेचार झाले." आई मला हलवतेय. ऊन गादीवरून गेलंय. माझ्या मानेला आग लागल्यासारखं होतंय. मी हात लावते तर आई हात बाजूला करते आणि वेणी उचलते.

"हे काय? अहो, वर या जरा."

बाबा ओल्या हातांनी येतात. वाकून बघतात.

"बिब्बा उतलाय," ते म्हणतात.

"बिब्बा कुठून येणार घरात?" आई म्हणते. "लग्न होऊन आले तेव्हापासून मी दुकानात बिब्बा बघितला नाही. त्या कोटावरचंच काहीतरी लागलं असेल."

बाबा कॉलर उलटतात. आत एक रेघ आणि दोन ठिपके, तसेच, वाळलेले. मग परत माझ्या मानेकडे बघतात. आई आरशाची पर्स उघडून मागे धरते, भिंतीवरच्या आरशात मला दिसतं. तीन लाल फोड, खाली दोन, वर एक. चुलीच्या दगडांसारखे.

"तीन," बाबा म्हणतात. स्वतःशीच.

"बाबा, आबांचा तो लग्नातला शर्ट पिस्ता रंगाचा होता का?"

बाबा हात पुढे करतात. "कोट दे."

एकेक बटण मी सावकाश काढते, सगळी सहज सुटतात. खालचं तर हातातच येतं. मी कोट त्यांच्या हातावर ठेवते, वर ते बटण.

"आडवी पडून पार चुरगाळलायस," बाबा म्हणतात. "असा घालून जाणार होतीस स्टेजवर? सुईदोरा बघ गं कुठंय. मी इस्त्री मारून आणतो."

ते जिना उतरतात. आई मानेला खोबरेल तेल लावते, फुंकर घालते आणि म्हणते, केस मोकळेच सोड आज, म्हणजे झाकलं जाईल.

खालून चर्र येतं. मी केस वर घेते आणि डोक्यावर उंच, घट्ट बांधते.